द्वारकाच्या कागदावरची छावणी

द्वारकाचा अर्ज शनिवारी चारच्या आत गेवराईच्या कॉलेजात पोचायला पाहिजे होता. बुधवार मावळला तरी तिच्या कागदावर नाव, गाव, जन्मतारीख आणि शिक्षण एवढंच होतं. खाली 'अनुभव' असं लिहून तिनं रेघ मारली होती. रेघेच्या खाली कोरं.

द्वारका माझी सून. मुलगा बद्रीनाथ चाकणला कंपनीत आहे, महिन्यातून एकदा येतो. घरी मी, द्वारका आणि दुसरीला जाणारी नात. माझी बायको केशर गेल्या दिवाळीच्या आधी वारली. तेव्हापासून घरात बोलणं कमी झालं आहे. जे होतं ते बहुतेक मीच बोलतो, आणि ते केशरचंच असतं.

द्वारका शिकलेली आहे. लग्नाआधी बी.ए. झाली, लग्नानंतर बीडला जाऊन समाजकार्याची पदवी घेतली. तिनं पुष्कळ ठिकाणी अर्ज केले, पण कुठूनच बोलावणं आलं नाही. आधीचे कागद ती गेवराईच्या एका झेरॉक्सवाल्याकडून करून आणायची. त्याच्याकडं एक तयार मजकूर होता. नाव आणि फोटो बदलायचा, बाकी सगळ्यांना तेच. मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, दिलेली जबाबदारी वेळेत पार पाडते. मागच्या खेपेला अर्ज पोस्टात टाकून आल्यावर तिनं आपली प्रत वाचली, तर शेवटी छंद म्हणून 'क्रिकेट व व्यायाम' छापलेलं. आधीच्या गिऱ्हाइकाचं राहून गेलं होतं.

"मामा, बोलावलं न्हाई ते बरंच झालं," ती मला म्हणाली होती. "बॅट घिऊन जावं लागलं असतं."

हसण्यावारी नेलं तिनं, पण आता तिचाही धीर संपत आला होता. बद्रीनाथ चाकणला खोली बघत होता. ह्या वेळी बोलावलं नाही तर जूनमध्ये नातीला घेऊन तिकडं जायचं आणि पॅकिंगच्या कामाला लागायचं, असं तिनं त्याला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं होतं. ती गेली तर घरात मी एकटा राहीन, हे मला दिसत होतं. पण त्याहून जास्त मला हे लागत होतं, की एवढं शिकलेली पोर खोकी चिकटवत बसणार.

नोकरीचं नाव 'विद्यार्थी सेवा समन्वयक'. मी तिला विचारलं, हे करायचं काय असतं? तिनं जाहिरात वाचून दाखवली. शिष्यवृत्तीचे अर्ज, बसपास, फी, वसतिगृह, गैरहजर राहणाऱ्या मुलांची चौकशी.

"म्हणजे पोरांची अडलेली कामं," मी म्हणालो.

"तेच. पण पोरांमधी काम केल्याचा अनुभव पाहिजे म्हणत्यात."

"मंग हाय की. छावणी व्हती न्हाई का?"

तिनं पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

छावणीचं सांगायला पाहिजे. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. जनावरांची त्याहून वाईट गत होती. दूध संघानं चकलांब्याच्या रस्त्याला माळावर चारा छावणी उघडली. मी संघाचा वॉचमन. दूधच येईना म्हटल्यावर संकलन केंद्रावर राखण करण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून मला छावणीच्या फाटकावर बसवलं. आमची एक गाय आणि एक गोऱ्हा. ती दोन घेऊन केशर आणि द्वारका आल्या. नात तेव्हा अंगावर पीत होती. हिरव्या जाळीच्या सावलीत जनावरं आणि त्यांच्या बाजूला माणसं, अशी गावंच्या गावं तिथं येऊन राहिली. कॉलेजात जाणारी पोरंपोरीही जनावरांमागं तिथंच आली. नेमक्या तेव्हाच त्यांच्या परीक्षा होत्या.

मी द्वारकाला सांगायला लागलो. गेल्या दिवाळीपासून जसं सांगत आलो तसंच. गेवराईची एसटी छावणीपाशी थांबत नव्हती, पोरांना भर उन्हात फाट्यापर्यंत चालावं लागायचं, तर केशरनं डेपोत जाऊन ती कशी थांबवली. परीक्षेला गेल्यावर जनावरांना पाणी कोण दाखवणार म्हणून पोरं परीक्षा बुडवायला निघाली, तर केशरनं पाळ्या कशा लावल्या. दुष्काळाची फी माफी बँकेत जमा होणार होती आणि निम्म्या पोरांना खातंच नव्हतं, तर केशरनं चाऱ्याच्या टेम्पोत घालून सगळ्यांना बँकेत कसं नेलं.

"तू बी तिच्यासंगं व्हतीस की," मी म्हणालो. "लिही ते."

"काय लिहू मामा? सासूबाईंसंगं व्हते?"

"हां."

"सासूसंगं ऱ्हाणं हा अनुभव हायच," ती हसली. "पण कॉलेजवाले धरायचे न्हाईत."

आणि ती पीठ मळायला उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ती नातीच्या शाळेत गेल्यावर मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि चकलांब्याला बंकटच्या दुकानात गेलो. बंकट ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं सेवा केंद्र चालवतो. छावणीत तो आई-बापाबरोबर आला होता, तेव्हा कॉलेजात शिकत होता. चांगला मुलगा आहे, फक्त तोंडाला लगाम नाही.

"जयभीम तात्या. सातबारा का पीकविमा?"

"द्वारकाचा कागद हाय. नोकरीचा."

त्यानं वाचायला घेतला. वाचायला वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तात्या, ह्याच्यावर तर वैनीला टाकीचा कॉक फिरवायला बी कुणी ठिवणार न्हाई."

"म्हणून तर आलो बे. दोन-चार जड शब्द टाक तुझ्याकडचे."

"शब्दानं काय होतंय? काय काम केलं ते पाहिजे. छावणीचं कावून न्हाई लिहिलं?"

"ते केशरनं केलं."

बंकटनं खुर्ची माझ्याकडं फिरवली. "काय केशरआजीनं केलं?"

"एसटी थांबवली."

"एसटी वैनीनं थांबवली."

"काय सांगतो बे? सबंध गावाला माहीत हाय."

"सबंध गाव नव्हतं त्या एसटीत. मी व्हतो." तो एकेक बोट दुमडत सांगायला लागला. "वैनीसंगं डेपोत मी गेलतो. एकदा न्हाई, लई खेपा. कंट्रोलर म्हणायचा, साहेब न्हाईत. वैनी म्हणायची, बसते. अन् खरंच बसायची. डबा घिऊन यायची. शेवटी त्या माणसानं साहेबाला सांगून विनंती थांबा करून दिला. केशरआजी तवा छावणीत तुमच्या नातीला घिऊन बसलेली असायची. दोन जागी कशी असंल ती?"

"मंग पाळ्या?"

"वैनीनं."

"बँकेत कुणी नेलं?"

"वैनीनं. तात्या, तुमी फाटकावर व्हता. आत काय चाललंय ते आमी येऊन सांगितलं तेवढंच तुमाला माहीत."

मला राग आला. मी मोठ्यानं म्हणालो की माझी बायको मरून वर्ष झालं नाही आणि तू तिच्या एकेका कामावर काट मारतोस. दुकानात सातबाऱ्यासाठी बसलेला माणूस माझ्याकडं बघायला लागला. बंकट चिडला नाही. त्यानं फोन काढला, कुणाला तरी लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"अनुसया, बंकट बोलतोय. छावणीत आपली कामं कोण करायचं गं? एसटी, बँक, त्या पाळ्या?"

अनुसया पण छावणीतलीच. आता बीडला एका दवाखान्यात नर्स आहे. मी तिथं बसलो आहे हे तिला माहीत नव्हतं.

"द्वारकावैनी," ती म्हणाली. "कावून? तुला काय पैजंबिजं लागलीय का?"

"अन् केशरआजी?"

"केशरआजीची बादली! ती कशी विसरतोस रे?"

"मला कुठं दिली तिनं बादली कधी. तूच सांग."

ती सांगायला लागली. सकाळी टँकर आला की पाणी आधी जनावरांच्या हौदात जायचं. केशर त्याच्या आधी एक बादली भरून घ्यायची आणि लुगड्याच्या आडोशाला नेऊन ठेवायची. कॉलेजात जाणाऱ्या पोरींनी तिथं हात-पाय-तोंड धुवायचं आणि मगच जायचं. शेणाचा वास घेऊन वर्गात बसायचं नाही, पोरं नाकं दाबतात, मग तुम्ही जायचं बंद करता, असं ती म्हणायची. बादलीला दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याची सात पिढ्यांपर्यंत खरडपट्टी काढायची. एकदा छावणीचा हिशेबनीस तिथं चूळ भरायला गेला, तर त्याला तिनं चप्पल उगारून पळवला.

"मी तर कॉलेज सोडायला निघालते बंकट," अनुसया म्हणाली. "त्या वासापायीच. कुणाला सांगायची चोरी. आजीनं विचारलं बी न्हाई, बादलीच ठिवली."

बंकटनं फोन ठेवला. ही बादली मला माहीतच नव्हती. दिवाळीपासून मी केशरला एसटी, बँक, पाळ्या दिल्या, आणि तिनं स्वतः केलेलं एक काम मला माहीत नव्हतं.

"च्या सांगू का तात्या?" बंकटनं विचारलं.

"सांग," मी म्हणालो. "अन् कागद दे तो इकडं. उद्या द्वारकाला घिऊनच येतो."

घरी आलो तेव्हा द्वारका कपडे घडी करत होती. मी समोर बसलो आणि कागद ठेवला.

"एसटी कुणी थांबवली?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. "बंकट बोलला वाटतं."

"तू कावून न्हाई बोललीस? माझ्यासमोर बसून ऐकतीस, मी केशरचं केशरचं करतो, अन् तू एकदा बी न्हाई म्हणत?"

ती घडी घालतच राहिली. मग म्हणाली, "आत्याबाई गेल्यावर पुण्यानुमोदनाला लोक जमलते तवा शेजारच्या विमलमावशी म्हणल्या की केशरनं पोरांसाठी एसटी थांबवली. तुमी मान हालवली. पहिल्यांदा जरा बरं वाटल्यासारखं तुमचं तोंड झालं. मी म्हणलं, जाऊ दे. एक एसटी आत्याबाईंच्या नावावर गेली तर माझं काय जातंय?"

"मंग?"

"मंग तुमी पाळ्या बी दिल्या. मंग बँक दिली. मामा, तुमी हळूहळू सगळी छावणीच देऊन टाकली. माझ्याकडं नुसती गाय राहिली."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तिनं तोंड दुसरीकडं केलं, मला वेळ मिळावा म्हणून. मी डोळे पुसले आणि पेन तिच्यापुढं केलं.

"लिही आता. मी इचारतो, तू सांग."

आम्ही असं बसलो. मी एकेक काम म्हणायचो आणि विचारायचो, हे कुणाचं? ती सांगायची आणि लिहायची. एसटी तिची. पण डेपोला द्यायच्या अर्जावर पोरांच्या सह्या बंकटनं गोळा केल्या होत्या, ते तिनं लिहिलं. पाळ्यांचं लिहिताना मी म्हणालो, नुसतं 'पाळ्या लावल्या' म्हटलं तर शहरातल्या माणसाला कळणार नाही. तिला पटलं. तिनं लिहिलं की ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी परीक्षेला जाणार, त्यांची जनावरं त्या दिवशी शेजारच्या दावणीच्या घरानं बघायची, आणि त्या घराच्या परीक्षेला पहिल्या घरानं. त्यामुळं छावणीतून एकाही मुलानं पेपर बुडवला नाही. ते वाचून मलाच वाटलं की हे काम मोठं होतं. तेव्हा फाटकावरून दिसायची ती नुसती सकाळची घाई.

फी भरली नाही म्हणून हॉलतिकिटं अडवली होती, तेही निघालं. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन, माफीचा सरकारी कागद दाखवून तिनं ती सोडवून आणली होती. हे मी केशरलाही दिलेलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

"अजून काय लपवून ठिवलंय?" मी म्हणालो.

"लपवलं कुठं? तुमी इचारलं न्हाई."

रेघेखालची जागा भरली. तिनं कागद उलटा केला. मग मी बादलीचं काढलं.

"हे बी लिही. मुलींसाठी केलेलं काम. कॉलेजवाल्यांना लई आवडंल."

"न्हाई."

"कावून? पाणी उचलून आडोशाला न्यायला तूच व्हतीस म्हणं. अनुसया सांगत व्हती."

अनुसया तसं काही म्हणाली नव्हती. मी आपलं सांगून बघितलं.

"मी कधी तरी नेली असंल," द्वारका म्हणाली. "पण मला ते सुचलं नव्हतं. मी पोरींना इचारत व्हते, फी हाय का, पास हाय का, पुस्तकं हायती का. कुणी वासाचं सांगणार न्हाई हे आत्याबाईंना कळलं. मला न्हाई कळलं. ती बादली आत्याबाईंची हाय."

"अगं ती काय आता अर्ज करणार हाय का? केशरनं स्वतःहून दिली असती तुला."

"दिली असती. पण मी घेतली नसती." तिनं पेन खाली ठेवलं. "मामा, माझं ते माझं म्हणून लिहायचं, तर जे माझं न्हाई ते बी लिहायचं न्हाई. न्हाईतर मंग झेरॉक्सवाल्याचाच कागद बरा. त्याच्यात सगळ्यांचंच सगळं असतंय."

मी बादलीचा नाद सोडला. नातीनं मधेच येऊन कागदावर आपलं नाव लिहिलं आणि आम्हाला तो पुन्हा उतरवून काढावा लागला.

शुक्रवारी आम्ही दोघं बंकटच्या दुकानात. बंकटनं टाइप करायला घेतलं आणि लगेच वाद सुरू झाला. त्याला वरती एक ओळ पाहिजे होती, नेतृत्वगुण, संवादकौशल्य, असली.

"खाली काय केलं ते लिहिलंय ना?" द्वारका म्हणाली. "त्याच्यात दिसलं तर दिसंल."

"वैनी, असं असतंय. सगळे लिहित्यात."

"सगळ्यांना बोलावत्यात का?"

बंकटनं ती ओळ पुसली. छंद पण पुसला. त्या जागी तिनं सांगितलं म्हणून, कुठल्या योजनेला कुठली कागदपत्रं लागतात याची माहिती आहे, असं घातलं.

मग शेवटी संदर्भासाठी दोन माणसांची नावं द्यायची होती. मी दूध संघाच्या चेअरमनचं नाव सांगितलं. आमच्याकडं लग्नपत्रिकेवर सुद्धा चेअरमनचं नाव घालतात, घातलं नाही तर वर्षभर बोलणी खावी लागतात. नोकरीच्या कागदावर नको कसं?

"चेअरमनसाहेब मला वळखत्यात का?" द्वारकानं विचारलं.

"मला वळखत्यात."

"मंग ते तुमच्या कागदावर घाला."

बंकट इतका हसला की त्याचा चहा कळफलकावर सांडता सांडता राहिला. तिनं पहिलं नाव अनुसयाचं दिलं. दुसरं त्या डेपोतल्या कंट्रोलरचं. त्यांचं नाव आश्रुबा, आता रिटायर होऊन गेवराईलाच असतात. बंकटनं कुठून तरी नंबर काढला. द्वारकानं फोन लावला आणि आपण कोण ते सांगितलं.

तिकडून आवाज आला तो मोठ्यानंच. "छावणीवाली? डबा घिऊन बसायची ती?"

"हां काका."

"माय, तू मला लई पिडलंस. माझ्या आख्ख्या नोकरीत कुणी मला एवढं पिडलं न्हाई. बायकोला सांगायचो घरी, आज परत आलती म्हणून."

"काका, नोकरीच्या कागदावर तुमचं नाव देऊ का? ते फोन करून माझ्याबद्दल इचारतील."

"दे की. हेच सांगतो त्यांना."

"हेच?"

"हेच. काम झाल्याबिगर उठत न्हाई. मंग अजून काय सांगायचं असतंय?"

कागद पुढून-मागून दोन्ही बाजूंनी भरला होता. शनिवारी ती दुपारच्या आत जाऊन देऊन आली.

बोलावणं यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत मी पोस्टमनला इतक्यांदा विचारलं की तो आमच्या गल्लीतून सायकल हातात धरून यायचा बंद झाला, चढून भरधाव जायचा. शेवटी आलं ते फोनवर. मुलाखतीला द्वारका केशरची निळी साडी नेसून गेली. मी सांगितलं नव्हतं, तिनंच पेटीतून काढली.

संध्याकाळी आली. मी ओट्यावरच होतो. काय झालं ते तिनं चपला काढता काढताच सांगितलं. चार माणसं होती. प्राचार्यांच्या हातात तिचा कागद होता आणि पाळ्यांच्या ओळीभोवती त्यांनी पेनानं गोल केला होता. त्यांनी विचारलं, ऊसतोडीच्या दिवसांत आमची पण मुलं महिना महिना गायब होतात, घरी लहान भावंडं असतात, म्हातारी माणसं असतात; त्यांना असं काही लावता येईल का?

"मंग तू काय म्हणलीस?"

"म्हणलं, आत्ता सांगता येणार न्हाई. आधी त्या पोरांच्या घरी जाऊन बघते, कोण कशापायी राहतंय."

"एवढंच?"

"एवढंच."

मला वाटलं, गेलं. हो म्हणायला पाहिजे होतं, ठामपणे सांगायला पाहिजे होतं. रात्रभर मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो. पण पुढच्या आठवड्यात कॉलेजमधून माणूस पत्र घेऊन आला. नोकरी कंत्राटी आहे, दरवर्षी नवी ऑर्डर काढतात. पण जूनपासून रुजू व्हा असं लिहिलं होतं. द्वारकानं पत्र दोनदा वाचलं, मग बद्रीनाथला फोन लावला आणि म्हणाली, "खोली बघू नका." एवढं बोलून ती आत गेली आणि मला तिच्या रडण्याचा आवाज आला. मी नातीला घेऊन बाहेर बसलो.

दिवस मावळायला विमलबाई आली. आमच्या शेजारची, केशरची मैत्रीण. तिनं द्वारकाच्या तोंडात साखर घातली, डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि ओट्यावर माझ्यापाशी येऊन टेकली.

"आज केशर पाहिजे व्हती," ती म्हणाली. "पोरांची एसटी थांबवणारी बाई. सुनेनं नाव काढलं तिचं."

"एसटी द्वारकानं थांबवली," मी म्हणालो.

"अरे, मला माहीत हाय ना! केशरनंच."

"न्हाई विमल. द्वारकानं. कागदावर लिहून दिलंय, डेपोवाल्याला इचारून घेतलंय कॉलेजवाल्यांनी."

विमलबाई थोडी हिरमुसली. मेलेल्या माणसाचं काही तरी मी काढून घेतलं असं तिला वाटलं असावं. मला तसं वाटलं नाही. केशर मला त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखी दिसत होती, कपाळाला आठ्या घातलेली, नातीला काखेत मारून चाललेली.

"केशरचं सांगू का तुला?" मी म्हणालो. "तिला म्हशीचं भ्या वाटायचं."

"केशरला?"

"आख्ख्या छावणीत जिकडं तिकडं म्हशी. कुणाला कळू दिलं न्हाई तिनं. आमच्या दावणीपासून फाटकापर्यंत सरळ वाट व्हती, पण मधी सटवा म्हणून एकाच्या म्हशी बांधलेल्या. तर ही बाई माझा डबा घिऊन सगळ्या छावणीला वळसा घालून यायची. भाकरी गार, कालवण गार. मी म्हणायचो एवढा उशीर कावून, तर म्हणायची, बायका बोलत बसल्या. शेवटी एक दिवस म्हशीनं नुसतं फुरर्र केलं अन् हिनं डबा फेकून माझ्या खुर्चीवर उडी मारली. मी खुर्चीत बसलेलो व्हतो."

विमलबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. आतून द्वारका दारात आली, डोळे अजून लाल होते.

"खरं का मामा?" ती म्हणाली. "म्हणून सटवाकडं दुधाला त्या मलाच पाठवायच्या का?"

"म्हणून," मी म्हणालो.